ग्यानबाच्या सोयाबीनपाशी डावीकडं

२८ सप्टेंबर, रविवार
कारची मागची सीट काढली. गाडी हलकी झाली पाहिजे. डांबरी रॅलीला फ्रंट-व्हील ड्राइव्हच बेस्ट. पुढची चाकं ओढतात, मागची मुकाट येतात. घरासारखंच. पुढचं चाक अर्थात मी.
१२ ऑक्टोबरला कार-रॅली क्लबची ट्रायल, आपल्याच संतपूर-औराद रोडवर. सिलेक्ट झालो की खताचं दुकान भावाच्या, श्रीनाथच्या गळ्यात. ह्या व्यंकटेशचा जन्म युरिया विकायला न्हाई.

१ ऑक्टोबर, पहाटे ५
झोप न्हाई. शेजारी बसून वळणं सांगायला नेव्हिगेटर लागतो. बायकोला विचारलं. प्रणिता म्हणाली, शाळेचे पेपर तपासायचेत, अन् ह्या वयात तुम्हाला हे कामून सुचायलंय? एक्केचाळीस म्हणजे काय वय हाय का? शेवटी बसते म्हणाली. नुसतं वाचायचंय तिला. डोकं माझं.

४ ऑक्टोबर
वळणांची वही तयार! मोठे लोक अंश-बिंश मोजतात. मी सोपं केलं. रस्त्यावर सगळ्यांनी सोयाबीन वाळत घातलंय, त्याच्याच खुणा. ‘ग्यानबाच्या सोयाबीनपाशी डावीकडं. राजूबाईची ताडपत्री दिसली की ब्रेक. चनमल्लप्पा अण्णाची रास संपली की फुल स्पीड.’
प्रणिता वाचून हसली. कामून, ते सांगंना.

७ ऑक्टोबर
प्रॅक्टिस. ग्यानबाच्या सोयाबीनवर चाकं जागीच गरगरली. म्हातारा काठी घेऊन आला. म्हणाला, दाणे फुटल्यावर अडतीत तुझा बाप घेतो का? त्याला ग्रिप समजावली. शिवी दिली. अडाणी.
उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

८, ९, १० ऑक्टोबर
प्रॅक्टिस न्हाई. दुकानात गर्दी. (गर्दी नव्हती. पोट बिघडलंय.)

१२ ऑक्टोबर, सकाळी ८
हेल्मेट घट्ट हाय. आज बघंल औराद तालुका!

संध्याकाळी ६
घात झाला. ट्रायलसाठी क्लबनं काल रस्ता रिकामा करून घेतला म्हणे. एक दाणा न्हाई! ना रास, ना ताडपत्री. नुसतं काळं डांबर. कुठं हाय तेच कळंना. ओरडलो, वाच की! प्रणितानं वही मागं फेकली अन् तोंडानंच सांगायला लागली. दोनशे मीटर, डावं. पूल. उजवं, सोडा सुसाट. ब्रेक, आता! अकरा वर्षं ह्याच रस्त्यानं स्कूटीवर शाळेला जायलीय.
दोनदा तिचं न ऐकता माझ्या अंदाजानं वळलो. दोन्ही वेळा तुरीच्या रानात.
तरी सिलेक्शन पक्कं.

१३ ऑक्टोबर
क्लबचा फोन. सिलेक्शन झालं! प्रणिताचं. हैदराबादच्या एका ड्रायव्हरशेजारी बसवणार. मी विचारलं, अन् माझं? तिकडून म्हणाले, गाडी छान हाय सर.
जेवलो न्हाई. भूक नव्हती. वाईट वाटलं, लई वाईट.

२६ ऑक्टोबर, रविवार
रॅली. गेटवर पाससाठी नाव विचारलं. व्यंकटेश सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘प्रणिता मॅडमचे मिस्टर’.
पहिल्या वळणावर दोन तास उन्हात उभा. गाडी आली. दोन्ही हात हलवले, ओरडलो. तिनं कागदातून मान वर काढली न्हाई.
बरोबरच हाय. नेव्हिगेटरनं इकडं-तिकडं बघायचं नसतं. मीच शिकवलंय तिला.