डोमाजीच्या नावाची चावी

३ मे
दारव्ह्याले नातीच्या नव्या घरी आले. लेआउटमधलं शेवटचं घर, शेजारी नुसते प्लॉट. प्रियंकानं पोहे छान केले, मिरची मात्र मोजून. ही वही तिनंच दिली. चौथी शिकलेली आजी काय लिहिते ते पाहू म्हणे. ती घरूनच कंपनीचं काम करते. कंपनीची माहिती कोणी उघडायची, कोणी नुसती पाहायची, ते ठरवते. ज्याले जेवढं काम, तेवढाच हक्क. म्हटलं, धान्याच्या कोठीले आम्ही हेच केलं, पगार नाही भेटला.

५ मे
घराचं कुलूपही तसंच. आतून-बाहेरून फोननंच उघडते. फोनमधल्या कुलपाच्या यादीत माझ्यापुढं ‘फक्त पाहणे’. दारातलं माणूस फोनवर दिसते, दार उघडता येत नाही. काहून, तर काल मी चादरवाल्याले आत घेऊन चहा पाजला. रुसले. म्हटलं, पहिलं नाव घरच्या कर्त्याचं पाहिजे, आबाजीचं टाक, सगळ्या हक्कानं. ती म्हणाली, आजी, जो वापरणारच नाही त्याले सगळे हक्क देणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी चूक. मी जेवले नाही. तिनं माझ्या नवऱ्याचं नाव टाकलं: डोमाजी, मालक.

९ मे
दुपारी एकले यादीत ओळ आली: डोमाजी आत आला. दार तर बंदच. त्याले जाऊन एकोणीस वर्षं झाली. प्रियंका नाव काढायले गेली, निघेना.

१० मे
खोटं कायले लिहू. तेव्हाही मे होता, दुपारचा एक. पिऊन आला समजून मी आतून कडी लावली. पाणी मागत होता. बडबडू दिलं. चारले उघडलं, तर पायरीवर पडलेला — तोंडाले दारूचा वास नव्हता. ऊन लागलं होतं. लोकांले सांगितलं, मी वावरात होते.

१२ मे, एक वाजता
प्रियंका कचरा टाकायले अंगणात गेली. फोन आतच. दार लागलं, फाटकही. यादीतून तिचं नाव गेलं. माझं आहे.

पावणेदोन
पाटा मारला दारावर, खिडकीवर. काही नाही. कोणाले फोन लावावा तर फोनवरून पायरीचं चित्र हटत नाही. ती खाली बसली. पाणी मागून राह्यली —

अडीच
डोमाजी, चूक माझी. पोरीची नाही. मी वावरात नव्हते, घरातच — ऐकत होते —
ती आता मागत नाही —
यादीत नवी ओळ. डोमाजी: दार चारले उघ