धातुशोधक यंत्राच्या हेडफोनबाबत

ती. आक्कास, धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितपतच वाकलो आहे).

तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालतो. कारण तुझी विचारपूस केली की तू भावोजींच्या गुडघ्याबद्दल सांगतेस, आणि गुडघ्याची केली की ‘बरं, काम काय होतं?’ म्हणतेस. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडलेस आणि तोडलेस. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी तीन मिनिटं झाली की तुझा हात आपोआप फोन ठेवतो. मागच्या वेळी मी ‘हल्ली घरात फार’ एवढंच म्हणालो होतो, पुढचं वाक्य अजून माझ्याचकडे आहे. म्हणून हे पत्र. शिवाय विषय तांत्रिक आहे, आणि आपल्या घराण्यात कानाला यंत्र लावून पगार घेतलेली तू एकटीच.

मी निवृत्त झालो तेव्हा कारखान्यातल्या मंडळींनी मला एक धातुशोधक यंत्र भेट दिलं. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती. जमिनीत लोखंड-पितळ असलं की किंचाळतं. तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून मी हरवलेले पाने आणि किल्ल्या शोधल्या, त्यावरची ही त्यांची गंमत. तुझी भावजय असती तर ते यंत्र त्याच दिवशी माळ्यावर गेलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. माळ्यावर काय जावं हे ठरवणारं घरात कोणी नाही. म्हणून मी रोज सकाळी ते घेऊन वसाहतीमागच्या मैदानात जातो.

यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय की बारीक आवाज ऐकायचे तर हेडफोन लावा. लावला असता, पण यंत्राचं भोक अंगठ्याएवढं आणि बाजारातल्या हेडफोनची पिन काडीएवढी. दुकानदारानं मध्ये एक जोडणी घालून दिली. घरी आलो, पलंगावर बसून यंत्र चालू केलं, तर कानात असा आरडाओरडा की मी चष्म्यासकट उडालो. हेडफोन खराब, असं ठरवून यंत्रासकट परत दुकानात. दुकानदारानं स्वतःच्या कानाला लावून पाहिला, तोही उडाला. आम्ही दोघांनी मिळून तो हेडफोन नापास केला आणि दुसरा घेतला, तोही तसाच निघाला, तिसराही. (माझा पलंग लोखंडी आहे आणि त्याच्या दुकानातली सगळी कपाटंही लोखंडी आहेत, हे आम्हा दोघांच्या लक्षात यायला चौथा हेडफोन लागला. तीस वर्षं लोखंडाच्या गोदामात काढलेल्या माणसाकडून ही चूक झाली, हे कारखान्यात कळवू नकोस.)

मैदानात नेल्यावर किंचाळणं थांबलं, पण आवाज एकाच कानात. तोही डाव्या, म्हणजे जो कारखान्यातल्या प्रेस मशीनच्या दणदणाटानं केव्हाच निकामी केलाय. मग हेडफोन उलटा घातला. उजव्या कानात आवाज आला, समाधान वाटलं, जरा दम खायला हेडफोन गळ्यात अडकवला आणि वाकून गवत बाजूला केलं, तर गळ्यातून कुईऽऽ! मी खणायला लागलो. उभा राहिलो की गप्प, वाकलो की कुई. म्हटलं, माल खोल आहे. गुडघाभर खणल्यावर तिथे फिरायला येणारे निवृत्त बसड्रायव्हर जवळ आले आणि म्हणाले, “अहो, तुमच्या गळ्यातलं ते आधी काढा बरं.” हेडफोनमध्ये लोहचुंबक असतं. मी अर्धा तास स्वतःलाच शोधत होतो.

मग बिनवायरचा आणला. त्यात आवाज एक पाऊल उशिरा येतो, म्हणजे वस्तू मागे राहते आणि मी पुढे खणतो. त्यातून तो परस्पर माझ्या मोबाईलशी जुळला, आणि ऐन मैदानात कानात एक बाई बोलायला लागल्या. पाण्याच्या फिल्टरबद्दल आमचं मत काय, असं त्यांना हवं होतं. माझ्याकडे फिल्टर नाही. तरी आम्ही बारा मिनिटं बोललो. फार चांगल्या होत्या. त्या आठवड्यात मला आलेला तो एकच फोन.

आता तू म्हणशील, हेडफोनशिवाय चालव की! चालवत होतो ना. तेव्हा यंत्र मैदानभर ऐकू जायचं, आणि ते ओरडलं की माणसं यायची. बसड्रायव्हर यायचे, शाळेच्या वाटेवरच्या शिक्षिकाबाई यायच्या, ‘काय सापडलं?’ विचारायच्या. सापडायचं बाटलीचं झाकण, पण त्यावर दहा मिनिटं चर्चा व्हायची. कानाला हेडफोन लावल्यापासून कोणी येत नाही. कामात दिसतोय, म्हणून लांबून हात करून जातात. मग मी घरी येतो, टीव्ही लावतो आणि मुद्दाम मोठा ठेवतो. आवाज कमी करा म्हणून स्वयंपाकघरातून कोणी ओरडत नाही. आक्का, मला फार एकटं वाटतं. एवढंच ते वाक्य होतं.

तर तुझ्या एक्स्चेंजमधला तो जुना, जाड पिनेचा हेडफोन या यंत्राला बसेल का, ते कळव. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुझा,
धाकटा

ता. क. हेडफोनचा प्रश्न तीन आठवड्यांपूर्वीच सुटला. इलेक्ट्रिशियननं एक छोटी पिन लावून दिली, दोन्हीकडे खणखणीत आवाज येतो. तुला तसं लिहिलं असतं तर तू ‘छान’ म्हणाली असतीस आणि विषय संपला असता.

ता. क. २. म्हणून तुझा हेडफोन कुरिअरनं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. नाही आणलास तरी चालेल. इथे तुला करण्यासारखं काहीही काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रविवारी सकाळच्या गाडीला मी स्टँडवर येतो. त्या गाडीत नसलीस तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन. मला रविवारी दुसरं काही नसतं.