पाटाची तहान

तीर्थरूप आबा,

तुमच्या दामूचा साष्टांग नमस्कार. तुम्हांला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीतच. म्हणजे हे पत्र पोहोचायचं नाही हे दोन्हीकडून पक्कं! तरी लिहितोय. कारण आज आपल्या गावच्या पाटावर तुमची परीक्षा झाली, आणि तिचा निकाल तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आबा, झेंडा लागून दोन महिने झाले. देश आपला झाला. जो तो काहीतरी नवं उभारायला निघालाय. आमच्या खात्यानं धुळ्यात पाटकऱ्यांचा वर्ग काढायचं ठरवलं. नवे बंधारे होणार, नवे पाट निघणार, मग पाणी वाटायला शिकलेली माणसं नकोत? अभ्यासक्रम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बारा पानं लिहिली, त्यातली चार तुमची. साहेबांकडून पानं परत आली ती तुमच्या चारांवर लाल पेन्सिलीची फुली घेऊन. शेजारी लिहिलेलं, 'अडाणी रीत. गाळा.'

माझं डोकंच फिरलं! पण खरं सांगू? साहेबांपेक्षा मला माझाच राग आला. हाच शब्द मी एकदा तुम्हांला ऐकवला होता, आणि तोही चावडीवर, अख्ख्या गावादेखत.

पांझरेवरच्या आपल्या बंधाऱ्यापासून शेवटच्या वावरापर्यंत अडीच मैलांचा पाट तुम्ही जन्मभर सांभाळलात. अख्ख्या फडात, म्हणजे पाटाखालच्या साऱ्या वावरांत, एकच पीक, आणि पाणी कुणी आपल्या हातानं घ्यायचं नाही. पाटकऱ्यानं सोडायचं, पाटकऱ्यानंच बंद करायचं. पाटलाचं वावर असो नाहीतर टोकाच्या उखाभाऊचं, पाळी म्हणजे पाळी. एकदा पाटलाच्या गड्यानं रात्रीचं पाटाचं दार उपसलं, तर तुम्ही सकाळी पाटलाच्याच ओट्यावर जाऊन बसलात आणि तो स्वतः येऊन माफी मागेपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाहीत. केवढा हट्टी माणूस!

आणि तुमची ती शाळा! दिवाळी झाली की पाट साफ करायला घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा, आणि पोरं तुमच्यामागे. तुम्ही आम्हांला डोळे मिटून अनवाणी पाटात चालायला लावायचात. 'पायले काय लागनं?' गाळ कुठं साठलाय, उतार कुठं मोडलाय, ते पायांनी सांगायचं. डोळा उघडला की टपली! मी तर सगळ्यांत जास्त टपल्या खाल्ल्या.

मग तांब्याची घटिका. बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी, पाण्यावर ठेवली की हळूहळू भरून बुडायची, ती एक घटका, घड्याळाची चोवीस मिनिटं. तुम्ही विचारायचात, 'साडेतीन बिघे, बिघ्याले दीड घटका, सांगा किती?' पंतोजींकडे दिडकी घोकून आलेली पोरं एका दमात ओरडायची, 'सव्वापाच!' तुम्हांला एक अक्षर येत नव्हतं, पण पावकी-निमकी चुकणाऱ्याला तुम्ही दुसऱ्या दिवशी पाटावर येऊ देत नव्हतात. पुण्याला कॉलेजात सगळे कागदावर गणित मांडायचे तेव्हा माझं उत्तर तयार असायचं. मास्तरांनी विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, शाळेत. तुमचं नाव घ्यायची लाज वाटली हो मला! तुम्हीच मला पुण्याला धाडलंत, आणि मी तुमचंच नाव गिळून टाकलं.

ओव्हरसियर होऊन आलो ते मोजणीची तीन पायांची दुर्बीण घेऊनच. आणि नेमकं ते साल कोरडं. नदीला वीतभर पाणी. गाव घाबरलेलं, आणि मला तर शहाणपण दाखवायची खुमखुमी! मी सगळे बिघे मोजले, तास भागले, बिघ्याला सारखी मिनिटं लावली आणि सुरेख अक्षरात वेळापत्रक लिहून चावडीवर डकवलं. किती न्यायाचं! कुणाला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही.

तुम्ही ते दुसऱ्याकडून वाचून घेतलंत, दोनदा. मग एवढंच विचारलंत, 'दामू, पाटले किती घटका दिन्ह्यात?'

मी हसलो. म्हणालो, 'आबा, पाट म्हणजे काय पीक आहे? आता ही अडाणी रीत सोडा.' चार माणसंही हसली. तुम्ही पागोटं उचललंत आणि घरी निघून गेलात. पुढं महिनाभर पाटाकडे फिरकला नाहीत. का नाही भांडलात आबा? पाटलाशी भांडणारा माणूस पोटच्या पोरापुढं गप्प बसला! एक सणसणीत थोबाडीत द्यायची होती मला.

तिसऱ्या पाळीला उखाभाऊ चावडीवर आला. गव्हाची पिवळी पडलेली जुडी त्यानं माझ्यापुढं ठेवली. 'भाऊ, तुन्हा कागद बराबर व्हई. मन्हं वावर सुकनं.' एवढंच बोलला. त्या वर्षी तो बायकोपोरं घेऊन जळगावला कापसाच्या जिनात कामाला गेला. पुढच्या पाळीआधी गावानं माझा कागद फाडला, तुम्हांला बोलावून आणलं, आणि बाकीचा गहू वाचला. उखाभाऊचा तेवढा गेला. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मधल्या सहा महिन्यांत मी रोज तुमच्यासमोर जेवायला बसत होतो, आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

माझं काय चुकलं ते सांगितलं कुणी? तुमच्या लेकीनं, गोदीनं! तुमच्या तेराव्याला. म्हणाली, 'दादा, कोऱ्या माठात पहिला हंडा ओतला तर अर्धा माठच पितो ना? आधी पाट पेस, मंग वावर पेस.' कोरडा पाट भिजून भरेपर्यंत जो वेळ जातो, तो तुम्ही वेगळा धरायचात, तो कुणाच्याच पाळीतून कापायचा नाही. मी तो टोकाच्या माणसाच्या पाळीतून कापला होता. कुठल्या वावरापर्यंत किती घटका, कोरड्या सालात किती, ओल्यात किती, गोदीला सगळं तोंडपाठ!

आता एक रागावून बोलू का? गोदीला हे तुम्ही शिकवलं नव्हतं. ती तुमची भाकरी घेऊन यायची आणि काठावर बसायची. पाटात उतरू म्हणाली की तुम्ही म्हणायचात, 'पोरीनं इथं काय काम?' आणि नदीकडच्या वस्तीतली पोरं तर काठापर्यंतही यायची नाहीत, लांबून बघायची. तुम्ही कधी त्यांना हाक मारली नाही. तुमचं पाणी सगळ्यांचं होतं आबा, मग शाळा का नव्हती? एवढी चोख विद्या, आणि तिला एवढं कुंपण? म्हणूनच तर आम्ही पोरं पांगल्यावर ती एका बाईच्या डोक्यात तेवढी उरली.

तर साहेब. माणूस वाईट नाही, गोरा नव्हे, आपल्या देशातलाच आहे. मी ती पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, 'दामोदरराव, देशाला इंजिनिअर हवेत, गोष्टी नकोत.' मग मी उखाभाऊची हकिकत सांगितली. त्यांनी विचारलं, 'कुणाचं होतं ते वेळापत्रक?' म्हटलं, 'माझंच.' आबा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले! साहेबांनी ती पानं पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाले, 'आणा तुमच्या बहिणीला पाटावर. त्या घटका सांगतील, मी घड्याळ लावतो. जुळलं तर पानं राहतील.'

गेल्या आठवड्यात झाली पहिली चाचणी. गोदी म्हणाली, टोकाच्या वावरापर्यंत नऊ घटका. पाणी पोचायला लागल्या अकरा! माझं तोंड उतरलं. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. मला वाटलं, संपलं. पण गोदी कसली ऐकतेय! तिनं पदर खोचला, तुमच्या पाटात पहिल्यांदा उतरली आणि डोळे मिटून चालत सुटली. दोन ठिकाणी थांबली. 'दादा, आठे पानी गळस. आबाले असं चालतंच नव्हतं!' खणून बघितलं तर खेकड्यांची ही मोठी बिळं! आम्ही ती माती आणि पाचटानं बुजवली, पाट पुन्हा कोरडा होऊ दिला आणि आज पाणी सोडलं. नऊ घटका आणि वर थोडी मिनिटं! गड्यांनी आरोळ्या ठोकल्या. गोदी त्या पाण्यात हात बुडवून रडायला लागली. खरं म्हणजे घड्याळ नसतं तर गळती कळली नसती, आणि गोदी नसती तर सापडली नसती.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, 'चार पानांत कसं बसवलंत हो हे? आठ करा.' आबा, पास झालात! मी लगेच वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. वर्गात मुली घ्यायच्या, नदीकडच्या वस्तीतली पोरं घ्यायची, आणि शिकवायला गोदावरीबाईंना नेमायचं. साहेबांनी भुवया उंचावल्या, आणि सही केली. वरच्या ऑफिसात अडलं तर मी तिथं जाऊन बसेन. ओट्यावर बसायचं रक्त आहे आपलं!

वर्ग सोमवारी सुरू होतोय. तुम्हांला वचन देतो, पहिल्या दिवशी पोरांना उखाभाऊच्या वावराच्या बांधावर उभं करीन आणि माझं नाव घेऊन सांगेन, की इथला गहू मी सुकवला, कारण माझा बाप विचारत होता आणि मी हसत होतो. उखाभाऊला बोलावणं तर आधीच धाडलं होतं. तो येतो म्हणालाय.

आबा, त्याच्यासमोर बोलायच्या आधी तुमच्याशी बोलायला हवं. चुकलो मी.

तुमचा,
दामू