आईचं भेंडीचं सूप आणि ब्लेवू ड्रायव्हिंग स्कूल

आकात्सी, मंगळवार

तीर्थरूप मामा यांच्या सेवेशी,

भाचा एलिकेम याचा आदरपूर्वक नमस्कार. तुम्ही बरे आहात ना? मामी बऱ्या? घरातली पोरंसोरं, अंगणातल्या बकऱ्या, शेजारची माणसं, खाडीवर जाळी घेऊन जाणारी माणसं, सगळी बरी? तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी वेगळी करतो, कारण मागच्या पत्रात मी त्याला घरच्यांतच धरलं म्हणून तुम्हाला राग आला होता. इकडे आम्ही ठीक आहोत. मामींनी पाठवलेला वाफवलेल्या मक्याचा आबोलो आणि तळलेली मासळी पोचली. आबोलो ट्रोट्रो गाडीतल्या प्रवाशांच्या गर्दीत जरा दबला होता, पण चवीला तसाच होता. मासळी पोचली असं आई म्हणते. मी पाहिली नाही.

तुमचं पत्रही पोचलं. ‘कुटुंबप्रमुख या नात्याने’ अशी सुरुवात असल्यामुळे मी ते उभं राहून वाचायला घेतलं आणि सातव्या ओळीला बसलो. सख्ख्या आईला डोक्याला जुनं फडकं बांधलेल्या अवस्थेत भर रस्त्यावर आणून साऱ्या जगापुढे तिचं हसं केल्याबद्दल शनिवारी केटाच्या घरी सगळ्या नातेवाइकांसमोर जाब द्यायला ये, असं तुम्ही लिहिलं आहे. मामा, फडकं खरं आहे, रस्ता खरा आहे, आणि जगसुद्धा बऱ्यापैकी खरं आहे. पण तुमच्यापर्यंत गोष्ट शेपटाकडून पोचली आहे. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

बाबा गेल्यापासून ब्लेवू ड्रायव्हिंग स्कूल मी चालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (बाबांनी शाळेला ‘ब्लेवू’, म्हणजे ‘सावकाश’, हे नाव दिलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना विचारी माणूस म्हटलं होतं. आता मला म्हणतात की या नावामुळेच गिऱ्हाईक सावकाश येतं.) सहा वर्षं आमचं छान चाललं होतं. आकात्सीत कुणी फोनवर ‘गाडी शिकायची आहे’ असं शोधलं की पहिलं नाव आमचं यायचं. मला वाटायचं, ही माझ्या शिकवण्याची कीर्ती. नंतर कळलं की आकात्सीतून नाव नोंदवलेली शाळाच एक होती. तरी सहा वर्षं मी त्या कीर्तीत काढली, मान ताठ ठेवून.

गेल्या ऑगस्टात त्या शोधायच्या यंत्राने आपली रीत बदलली. पूर्वी ते नावांची यादी द्यायचं आणि बाजूला व्हायचं. आता ते यादी खाली ढकलतं आणि वर स्वतःच्या शब्दांत परिच्छेद लिहितं, शाळेतल्या हुशार मुलासारखं. आकात्सीत गाडी कुठे शिकावी, या प्रश्नाला त्याने लिहिलं: येथे ‘ब्लेवू’ नावाची शाळा आहे. संचालक स्वभावाने सालस आहेत. तेथे एका विद्यार्थ्याला गाडी मागे घ्यायला शिकण्यास अकरा महिने लागले. शाळेची गाडी एकदा बाजारामागच्या गटारात गेली होती. इच्छुकांनी शेजारच्या गावांचाही विचार करावा.

हे त्या यंत्राला सांगितलं कुणी, याचा मी तीन दिवस शोध घेतला. मामा, तुम्ही सांगितलंत. चार वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या शाळेला पाच तारे देऊन खाली जो अभिप्राय लिहिला होता, ‘भाच्याची संस्था असली तरी सत्य सांगणे कर्तव्य आहे’ असा, तो त्याने जसाच्या तसा उचलला. तुम्ही बत्तीस वर्षं हेडमास्तर होतात. चार परिच्छेद, प्रत्येकाला समास, एकही चूक नाही. बाकी लोकांनी नुसतं ‘छान’ आणि एक अंगठा एवढंच लिहिलं होतं. त्या यंत्राने अख्ख्या आकात्सीतून विश्वास ठेवायला एकच माणूस निवडला. (गटारात गेलेली गाडी कोण चालवत होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मीही कुणाला सांगितलेलं नाही.)

सप्टेंबरात तीन माणसं शाळेत आली. एक बँकेचा पत्ता विचारायला, एक पाणी मागायला आणि तिसरा खरा विद्यार्थी, पण तो परिच्छेद वाचल्यावर पाणी पिऊन गेला. आईने शाळा बंद करून जागा सिमेंटवाल्याला भाड्याने द्यायचा विषय काढला. बाबांच्या हातचा फलक उतरवायचा, या विचाराने मला जेवण जाईना. तेव्हा मी यायरा क्लूत्सेकडे गेलो. ती देनूची. इथे केस विणायच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचं ऑफिस आहे आणि इंटरनेटवरच्या जाहिराती हा तिचा धंदा. मी टाय बांधून गेलो होतो.

“तुमची शाळा कशासाठी ओळखली जाते?” तिने विचारलं.

“सावकाश शिकवण्यासाठी,” मी म्हणालो.

“ते मी वाचलंय. अकरा महिने.”

पण बाई हुशार. ती म्हणाली, त्या यंत्राशी भांडून काही होत नाही, ते परत रीत बदलेल आणि तुम्ही परत रडत याल. लोकांनी ‘ड्रायव्हिंग’ नव्हे, ‘ब्लेवू’ असं नाव घेऊनच शोधलं पाहिजे. त्यासाठी लोक एकमेकांना पाठवतील असा व्हिडिओ हवा. तिने सुचवलं की गाडीच्या डॅशबोर्डवर सूपचं भांडं ठेवायचं, झाकण न लावता, आणि एक थेंब न सांडता फेरी मारायची. नाव ‘सूप सांडू नका’. जो जमवून दाखवेल त्याला पहिले पाच धडे फुकट.

भेंडीचं सूप मीच निवडलं. (साधं सूप सांडलं तर पुसता येतं, भेंडीचं सूप एकदा निघालं की त्याला कोण थांबवणार. तेवढी जोखीम पाहिजे, असं मला तेव्हा वाटत होतं.) पहिला व्हिडिओ माझा झाला. टाय, पांढरा शर्ट, गंभीर चेहरा. मी गिअर टाकला आणि सूप माझ्या मांडीवर आलं, तिथून गिअरच्या फटीत गेलं. ती गाडी अजून दुसऱ्या गिअरला चिकटते. तो व्हिडिओ एक्केचाळीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या तीस वेळा मीच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं ठरलं. भांडं मी आईच्या चुलीवरून न विचारता उचललं होतं, ही माझी चूक, ती कबूल. मी शाळेच्या मैदानात गाडी सुरू करतो आहे तोवर आई कमरेला घरचं कापड गुंडाळून, डोक्याला ते फडकं बांधून, भर उन्हात चालत आली. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात, ती रागावली की कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको. तिने माझं दार उघडलं.

“ऊठ.”

“आई, ही जाहिरात आहे.”

“ते माझं सूप आहे. सरक तिकडे. घरी मीच नेते.”

मी सरकलो, मामा. तुम्हीही सरकला असता. तिने आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण वीस वर्षं ती ऑफिसच्या खिडकीत बसून भेंड्या चिरत आली आहे आणि त्या खिडकीखाली बाबांनी आणि मी शिकवलेला प्रत्येक धडा तिने ऐकला आहे. क्लच, गिअर, आरसा, सगळं तोंडपाठ. फक्त थांबायचा धडा आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घेतो, तो तिच्यापर्यंत कधी पोचला नव्हता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

आता तुमच्या पत्रातला मुख्य मुद्दा. मी थांबवलं का नाही? शिकवायच्या गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, माझा पाय त्याच्यावरच होता आणि पुढेमागे ‘शिकाऊ’ची पाटी होती. पण दाबला असता तर सूप सांडलं असतं. गाडी इतकी हळू चालली होती की तेवढा धोका मला सूपपेक्षा कमी वाटला. यायरा फुटपाथवरून चालत चित्रण करत होती आणि दोनदा तिला आमच्यासाठी थांबावं लागलं. मागे अकरा ट्रोट्रो, एक वाळूचा ट्रक आणि टोमॅटोच्या पाट्या घेतलेल्या बायका. त्या बायका आम्हाला मागे टाकून गेल्या. ट्रोट्रोवाले भोंगे वाजवत होते आणि आई खिडकीतून बाहेर वाकून एकेकाला उत्तर देत होती.

“तुझ्या आईने तुला नऊ महिने वाहिलं, तेव्हा तिला कुणी भोंगा वाजवला होता का?”

पुढच्या ट्रोट्रोवाल्याने भोंगा बंद केला. त्याच्या मागच्याने टोपी काढली. बाजाराच्या चौकात वाहतूक पोलीस उभा होता, त्याने पाटी पाहिली, सूप पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चारी बाजूंची वाहतूक थांबवली. घर आल्यावर आईने मला विचारलं, “थांबवायचं कसं?” मी माझा ब्रेक दाबला, इतका हळू की जन्मात कधी दाबला नव्हता. एक थेंब सांडला नाही. तिने भांडं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि आत गेली.

यायराने ते त्याच दुपारी टाकलं. तिला वाटलं, मी आईला विचारलं आहे. मला वाटलं, ती विचारेल. रविवारपर्यंत आक्रा, लोमे, पार लंडनमधली आपली माणसं गाडीत सूप ठेवून आईसारखी खिडकीतून ओरडायला लागली होती. आणि त्या यंत्राने पुन्हा परिच्छेद लिहिला. आता कुणी आकात्सीत चांगलं भेंडीचं सूप कुठे मिळतं असं विचारलं, की उत्तर येतं: ब्लेवू ड्रायव्हिंग स्कूल. सोमवारी दुपारी चाळीस माणसं फाटकाशी आली. मी रडायच्या बेतात होतो, इतका आनंद झाला होता. मी गाड्यांची माहिती सांगायला सुरुवात केली. मागून एक म्हातारे म्हणाले, “ते राहू द्या, सूपबरोबर आक्प्लेचे गोळे आहेत का?”

आईने त्या दिवशी सूप केलं, कारण आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं तिला जमत नाही. पण माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच: “माझ्या पेटीत सहा चांगली कापडं आहेत. त्यातलं एकही नेसू दिलं नाहीस.” मामा, ती चर्चलाही गेली नाही. ते एक वाक्य मला तुमच्या सगळ्या पत्रापेक्षा जास्त लागलं. मी यायराला सांगितलं, व्हिडिओ काढून टाक. ती लगेच घरी आली, आईसमोर बसली, माफी मागितली आणि म्हणाली की मी काढते, पण लोकांनी उतरवून घेतलेत ते माझ्या हातात नाहीत. आईने तिला फक्त विचारलं, “जेवलीस का?” आणि ताट वाढलं. मला नाही वाढलं.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या बायकाच घरी आल्या. अकरा जणी. सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या, मासळी, कापड, मीठ विकणाऱ्या. आईला वाटलं, हसायला आल्या. त्यांच्यातल्या दोपे काकू, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला बसायला जागा दिली नाही, त्या म्हणाल्या, “आकपेने, मला नवऱ्याने शिकवलं नाही, मुलाने शिकवलं नाही. सगळे म्हणाले, या वयात काय करायचंय? तुला पाहिलं आणि झोप उडाली. तुझ्या पोराला विचार, आम्हाला घेतो का?”

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिलं.

घेतलं, मामा. आता सकाळची तुकडी त्यांची. तीस-तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन भर बाजारातून चाललेल्या बायका. त्यांना वळण घेताना तोल शिकवावा लागत नाही. पुढे कोण येणार, कुठून घुसणार, हे त्यांना आरशाआधी कळतं. अकरा महिने नाही, सहा आठवड्यांत दोपे काकू गाडी मागे घेतात, आणि मागे घेताना बोलतातही. बाबांनी तो फलक ज्या दिवसासाठी लावला असेल, तो दिवस मी आता रोज सकाळी पाहतो. पहिलं नाव आईने स्वतःचंच नोंदवलं होतं. गेल्या गुरुवारी तिला परवाना मिळाला. परीक्षेला ती पेटीतलं सर्वांत चांगलं कापड नेसून गेली आणि परवान्यावरचा फोटो घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

म्हणून शनिवारची बैठक रद्द करू नये, अशी विनंती. जाब द्यायला आई स्वतः येते आहे, स्वतः गाडी चालवत. मी शेजारी बसेन. तिच्या वेगाने आम्ही शुक्रवारी सकाळीच निघू. मामींना आणि गुडघ्याला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
एलिकेम

ता. क. तुम्ही अभिप्राय काढायला निघाल असं वाटतं. काढू नका. दोपे काकू तो मोठ्याने वाचून दाखवतात आणि बायका पोट धरून हसतात.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. देनूला यायराच्या वडिलांकडे, आपल्या रीतीप्रमाणे मागणी घालायला, दार ठोठावायला जायचं आहे. बाटल्या आणि कापड मी आणीन, पण बोलायला थोरला मामाच लागतो. शनिवारी बैठक झाली की रविवारी जाता येईल. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला आधीच माहीत असावं, कारण हल्ली ती यायराला माझ्या आधी वाढते.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. मामा, नमस्कार. मी यायरा. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून वाचलं. एलिकेमने मला अजून काही विचारलेलं नाही. तुम्ही रविवारी या. माझे बाबा दहानंतर घरी असतात आणि मी त्यांना सांगून ठेवलं आहे. फक्त त्याला कळवू नका. शनिवारपर्यंत विचारतो का, ते मला पाहायचं आहे.