‘आमची ही’ची मुलाखत

४ मार्च

या घरात माणसाला दाढी करण्याचा अधिकार उरलेला नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. बाथरूमच्या आरशावर बायकोने हृदयाचं चित्र चिकटवलंय — कप्पे, झडपा, लाल-निळ्या नळ्या. वरच्या कोपऱ्यात माझी एक भुवई तेवढी दिसते. हनुवटी अंदाजाने केली. कापली. तक्रार घेऊन गेलो तर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “रक्त आलंय ना? मग हृदय चालू आहे. काळजी नको.”

चाळिशी उलटल्यावर हिला डॉक्टर व्हायचंय. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेम्स बसवायच्या, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडायची. शाळेत विज्ञानात ही काठावर पास. गणितात काठही नव्हता. “काय करत होतीस गं शाळेत?” विचारलं तर म्हणते, “कंटाळत होते.”

तर कॉलेजचा नियम असा, की शाळेचे मार्क कमी असले तर आधी प्रवेशपरीक्षा द्या, मग मुलाखत. आणि अशांच्या बाबतीत मुलाखतीला वजन जास्त. परीक्षा ही पास झाली. चांगली पास झाली. मुलाखत १५ तारखेला.

८ मार्च

“अहो, अर्धा तास समोर बसा ना. तुम्ही प्रश्न विचारा, मी उत्तरं देते. बोलायची सवय होईल.”

सदर झालं की बसतो, म्हटलं. रविवारचं सदर उद्या द्यायचंय आणि विषय सुचत नव्हता.

मग सुचला.

११ मार्च

छापून आलं. ‘आमची ही डॉक्टर होते.’ लेक रांगत होती तेव्हापासून ‘आमची ही’ माझ्या सदरात काही ना काही घोळ घालत आलीय. वाचकांना माझ्यापेक्षा तीच जास्त ओळखीची. या वेळी ती रोग्याची नाडी शोधता शोधता त्याचं घड्याळ दुरुस्त करून देते. शाळेचे मार्क मात्र मी खरे दिले. विनोदाला खरा आकडा लागतो.

संपादकांचा फोन — “जमलंय! लोक पोट धरून हसतायत.”

हिने टेबलाशी वाचलं. “मार्क बरोबर आहेत,” म्हणाली आणि बशा उचलल्या.

लेक म्हणाली, “बाबा, आईच्या जिवावर अजून किती दिवस विनोदी राहणार आहात?” पोरीची जीभ माझ्यावर गेलीय. आजवर मला हे कौतुक वाटायचं.

अर्धा तास राहिलाच.

१५ मार्च

बंद दाराबाहेर बाकावर मी, आत ही. मध्येच आतून मोठ्याने हसू आलं. मला वाटलं, रंगली वाटतं मुलाखत. मी चक्क खूश झालो.

बाहेर आली ती तडक बसथांब्यावर. मग बोलली, दुसऱ्या कुणा बाईची हकिगत सांगावी तशी. तिघं होते. मधले मोठे डॉक्टर कागदावरचं आडनाव आणि मार्क बघून म्हणाले, “थांबा, त्या ‘आमची ही’ तुम्हीच की काय?” त्यांच्या घरी दर रविवारी सदर मोठ्याने वाचतात म्हणे. घड्याळाचा किस्सा त्यांनी बाकीच्या दोघांना साभिनय सांगितला. मग कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शाळेत इतके कमी मार्क कसे. हिने खरं ते सांगितलं, कंटाळत होते. पुन्हा हसले सगळे. हसून झाल्यावर ऐकणार होते का कुणी पुढचं?

“डॉक्टर का व्हायचंय, ते नाही विचारलं?”

“वेळ संपला.” बस आली. चढता चढता म्हणाली, “मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”

वाचकाचा इतका नकोसा नमस्कार मला आजवर आला नव्हता.

१६ मार्च

कॉलेजला पत्र लिहून खुलासा करतो, म्हटलं. “नका. त्यातही एखादा विनोद कराल.”

२९ मार्च

कळवलंय त्यांनी. यंदा नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येईल. परीक्षा पुन्हा नको, मुलाखत नव्याने.

ही रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला बरं पडलं असतं. भांडणात माझा हात धरणारा कुणी नाही. दुकानात वेळेवर गेली. शाळेतले मार्क भरून काढायला तिला एकच खुर्ची मिळाली होती, आणि ती पोचायच्या आधी तिथे माझं सदर जाऊन बसलं होतं. लिहिताना एकदाही मनात आलं नाही की हे ज्यांच्या हातात तिचं वर्ष आहे त्यांच्याही घरी जातं. मी वाचकांचा विचार करतो, असं भाषणांत सांगत असतो.

संध्याकाळी बघतो तर आरशावरचं चित्र काढलेलं. आख्खा चेहरा दिसला. फार वेळ बघवला नाही.

३० मार्च

संपादकांना सांगितलं, ‘आमची ही’ बंद.

“का? वहिनी रागावल्या?”

“नाही ना.”

२ एप्रिल

जेवणं झाल्यावर टेबल पुसलं आणि हिच्यासमोर बसलो. “राहिलेला अर्धा तास,” म्हटलं. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. पेन नव्हतं.

“तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?” मी विचारलं.

“माझा नवरा छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात होता,” ती म्हणाली. “मी नर्सला म्हटलं, नेमकं काय बिघडलंय ते चित्र काढून दाखवता का? ती घाईत होती. तो घरी आल्यावर त्याने त्यावर लिहिलं — बायको नर्सकडे हृदयाचं चित्र मागते. लोक खूप हसले. मला अजून ते कुणी काढून दाखवलेलं नाही.”

अर्धा तास पूर्ण ऐकलं. मग पुस्तकांच्या ढिगातून चित्र शोधलं आणि आरशावर परत लावलं, होतं तिथेच. उद्या दाढी अंदाजाने.