टूलरूमची चावी

२१ ऑगस्ट
आयटीआयमध्ये पुन्हा मारामारी. गोलूनं (फिटरचं पहिलं वर्ष, मझौलीचा) एकाच्या नाकावर ठोसा हाणला. प्रिं. म्हणाले, नाव कापा. मी म्हटलं, थांबा जी. रागावर ताबा ठेवायचे नवे वर्ग माझ्याच गळ्यात मारले ना, मग माझ्या पद्धतीनं करू द्या. जो तापट, त्यालाच जबाबदारी. टूलरूमची चावी गोलूच्या हाती दिली. सगळे हसले. हसोत बापडे.

५ सप्टें.
पोरगं बदलून राहिलंय! हत्यारं मोजून देतो, मोजून घेतो. राग आला की पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचं, असं वर्गात शिकवलं होतं. खरंच जातो. घरी सांगितलं तर बायको म्हणे, पोराचं कौतुक करून राहिले की स्वतःचं?

१६ सप्टें.
उद्या विश्वकर्मा पूजा. संध्याकाळी एक हातोडा कमी भरला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर गोलूची बॅग उलटी केली. डबा, शर्ट, मळका टॉवेल. हातोडा नाही. त्याच्या मुठी वळल्या. वाटलं, आता मारतो मला. त्यानं चावी टेबलावर ठेवली नि टाकीकडे चालत गेला. परत आला नाही.

१७ सप्टें.
पूजेच्या हत्यारांवरचं लाल कापड काढलं. हातोडा तिथंच. काल दुपारी मीच तेलानं पुसून पूजेसाठी बाजूला काढला होता, गोलूला न सांगता. मीच! पोरांसमोर कबूल केलं. ज्याच्यासमोर करायचं, तोच नव्हता. प्रसाद न घेताच घरी आलो. बायको विचारून राहिली, काहून जेवत नाही? ताट सारलं नि गोलूला फोन लावला.

२४ सप्टें.
गोलू फोन उचलत नाही. चेरीतालची भाड्याची खोली सोडली म्हणे. प्रिं. म्हणतात, चलो, बला टली. लाज वाटली. त्यांची नाही, माझी.

२८ सप्टें., रविवार
मझौली. गोलू त्याच्या मामाच्या गॅरेजात ट्रॅक्टरखाली होता. माफी मागितली. "कोई बात नहीं सर." चावी पुढे केली. हात ग्रीसनं भरलेले, घेतली नाही. मग खाली बघत म्हणाला, "उस दिन मैंने हाथ नहीं उठाया, सर. आपने देखा था?"

पाहिलं होतं. वर्ग त्याचसाठी तर होते. तेव्हा शाबास म्हणायचं सुचलं नाही मला. आज नुसतं हो म्हणालो. तो पुन्हा ट्रॅक्टरखाली शिरला.

चावी त्याच्या पान्यांच्या डब्यावर ठेवून आलो. उद्या सोमवार. टूलरूमला दुसरी चावी नाही.