मंडळीचे दोन खांदे

नवीन पनवेल,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप शमुवेलदाजी यांस,

प्रभूमध्ये आदरपूर्वक सलाम. अनुयाताईचा खोकला आता कसा आहे? श्रीरामपूरला ऊन चढलं असेल, तुम्ही दुपारचे बाहेर पडत नसाल अशी आशा आहे (पडत असालच). आम्ही इथे प्रभूच्या दयेने बरे आहोत. फोन करायला हवा होता हे कबूल, पण तुमच्या घरचा फोन ताई उचलते, आणि तिला एखादी गोष्ट सांगितली की मग ती उरलेल्या श्रीरामपूरला वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून पाकिटावर मुद्दाम तुमचं नाव घातलंय.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या पाळकसाहेबांनी मंडळीतल्या प्रत्येकाची जबाबदारी या विषयावर उपदेश केला. (आमची उपासना अजून शाळेच्या हॉलमध्येच होते. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते आहेत, त्यामुळे उपदेश लांबला की माझा एकोणीसचा पाढा पक्का होतो.) मंडळी म्हणजे एक शरीर, कुणी हात, कुणी पाय, कुणी डोळा, आणि जो अवयव नुसता बसून राहतो तो शेवटी लुळा पडतो, असं ते म्हणाले. उपदेश सगळ्यांना मनापासून आवडला. पुढच्या रांगेतले मान डोलवत मागे बघत होते आणि मागचे पुढे, कारण हा उपदेश ज्याच्यासाठी होता तो माणूस प्रत्येकाला हॉलमध्ये कुठे ना कुठे दिसत होता. मला चौघे दिसले. मी स्वतः निश्चिंत होतो, कारण शास्त्रवाचन माझ्याकडे आहे आणि प्रभूने दिलेला आवाज मी कधी राखून वापरलेला नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं तेव्हा वाटलं, आता दानाची पिशवी फिरवायला सांगतात (पिशवी मखमली आहे, हातात शोभून दिसते). ते म्हणाले, सुशांतला परत आणा.

सुशांत कोण ते सांगतो. आमच्या मंडळीचा माइक त्याच्याकडे असायचा. नाताळच्या उपासनेत मी वाचत असताना त्याने आवाज बारीक केला. मेंढपाळ येईपर्यंत ठीक होतं, देवदूत आले आणि मागच्या रांगांना मी नुसता ओठ हलवताना दिसू लागलो. मी शांतपणे त्याला विचारलं, कधीपासून जळतोस? त्यावर तो म्हणाला, तू वाचत नाहीस, ओरडतोस. झालं. त्या दिवसापासून तो घरी बसून मोबाइलवर दुसऱ्याच कुठल्या मंडळीची उपासना बघतो, आणि आमचा माइक तेव्हापासून शिट्या मारतो. मी मात्र मनात काहीही ठेवलं नव्हतं, हे घरी रेवाला विचारा (मी तिला ते रोज सांगत होतो).

सुशांत खांदा कॉलनीत चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद, कारण ती कुणी दुरुस्त करायची यावर सोसायटीत दोन गट आहेत. मी नानकटाईचा पुडा घेऊन जिने चढलो. प्रत्येक मजल्यावर त्याला थोडी थोडी क्षमा करत गेलो, त्यामुळे वर पोहोचलो तेव्हा माझ्यापाशी दम सोडून बाकी सगळं होतं. दार त्याने उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका मोठेपणा होता की मी चरकलो. थोड्या वेळात उलगडा झाला, की मी माफी मागायला आलोय अशी त्याची समजूत होती आणि तोही मला क्षमा करून तयार बसला होता. दाजी, अर्धा तास आम्ही एकमेकांना क्षमा केली. घ्यायला कुणीच तयार नव्हतं. त्याची बायको नीता दोनदा चहा ठेवून गेली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सुशांतच्या आईने, वेणूबाईंनी, मला हाक मारली. जानेवारीत मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या खाली उतरलेल्याच नाहीत. (हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रुपवर प्रत्येकाने जोडलेले हात पाठवले होते. मी तर दोनदा पाठवले.) त्यांना पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला यायचं होतं. सुशांत म्हणाला, अगं, पाळकसाहेब घरी येऊन देतात ना भाकर आणि प्याला. त्यावर त्या म्हणाल्या, "घरी घेतलं की औषध घेतल्यासारखं लागतं. मला पंगतीत बसायचंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा मंडळीतल्या कुणाला उचलायला बोलावत नाही, कारण भांडलाय. आणि तुम्ही कुणी येत नाही, कारण हा भांडलाय. शिक्षा मला."

त्या काही चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. सुशांत खिडकीकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडे न बघता विचारलं, खुर्चीला हात आहेत का?

तर काल आम्ही त्यांना उतरवलं. वेणूबाईंना वजन असं नाहीच हो, जड आहे ती शिसवी खुर्ची. त्यांना नीताच्या ओढणीने खुर्चीला बांधलं. मग वरची बाजू कुणी धरायची यावर थोडी चर्चा झाली, कारण खाली राहणारा उलटा चालतो आणि भार त्याच्यावर येतो. दोघांनीही नम्रपणे वरची बाजू मागितली. वेणूबाईंनी मला वर ठेवलं, म्हणाल्या, याचा आवाज वरूनच बरा.

चौथा मजला नीट गेला. तिसऱ्याच्या वळणावर माझा चामडी बूट सटकला (रविवारचे बूट, रेवाने पॉलिश केलेले). खुर्ची एकदम कलली, माझा एक हात सुटला आणि वेणूबाई हं एवढंच म्हणाल्या. सुशांतने खुर्ची सोडून बाजूला उडी मारली असती तर कुणी दोष दिला नसता. त्याने खांदा भिंतीला टेकवला आणि खुर्ची, आई आणि वरून घसरत येणारा मी, असे तिघेही छातीवर झेलले. म्हणाला, "विश्वा, सोडू नको." नाताळापासून तो माझं नाव घेत नव्हता, पाठीमागे 'वाचक' म्हणायचा. मी सोडलं नाही.

आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे नझीरभाई बाहेर आले. त्यांनी खुर्चीला मधे हात लावला, आतून स्टूल आणून दिलं, पाणी दिलं. आम्ही दोघे धापा टाकत भिंतीला टेकलो तेव्हा त्यांनी वेणूबाईंना विचारलं, "सगे भाऊ आहेत काय हे?" आम्ही एकदम नाही म्हणालो. वेणूबाई म्हणाल्या, "फक्त रविवारी असतात."

हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा दुसरं गीत संपत आलं होतं. पाळकसाहेब इतके हेलावले, की त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं, आपल्या मंडळीला आज दोन खांदेकरी मिळाले. तिसऱ्या रांगेतून वेणूबाई स्पष्ट म्हणाल्या, "मी अजून आहे हो." त्यानंतर माइकने शिटी मारली. त्यांनी मान न वळवता सुशांतला म्हटलं, जा. तो गेला आणि पुढची सगळी उपासना कशी निर्मळ ऐकू आली. माझं वाचनही. (आवाज त्याने बारीक ठेवला होता असं रेवा म्हणते. मला काही जाणवलं नाही.)

प्याला आला तेव्हा वेणूबाईंनी तो नीताला धरू दिला नाही. प्यायल्या, आणि मग पुढे, मागे, सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. लग्नघरातली मोठी बाई सगळे वाढून झाले ना बघते, तशी. दाजी, मी गायनाचं पुस्तक उलटं धरलं होतं असं म्हणतात. असेल.

उतरवलेला माणूस परत वर न्यायचा असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याबद्दल मी लिहीत नाही. सुशांत आणि मी अजून फारसं बोलत नाही. जिन्यात बोललो ते एवढंच, उचल, थांब, टेकव.

ताईला सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
विश्वजीत

ता. क. – लिहायचं मूळ कारण राहिलंच. वेणूबाई आता दर रविवारी येणार आहेत, लिफ्टचे दोन गट होते त्यांचे तीन झालेत, आणि माझी कंबर कालपासून सरळ होत नाही. मंडळीतल्या बाकीच्या अवयवांनी ग्रुपवर जोडलेले हात पाठवले आहेत. तुम्ही कवायतीचे सर, अजून रोज जोर-बैठका मारता. येत्या रविवारी माझ्या जागी याल का? घरच्या जावयाला ओझी उचलायला लावतात का, असं ताई म्हणेल, तेव्हा तिला नेऱ्याकडची फार्महाऊस बघायला जातोय म्हणून सांगा. हे खोटं ठरू नये म्हणून संध्याकाळी मी ती तुम्हाला रस्त्यावरून दाखवीन.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सुशांतचा फोन आला. म्हणाला, तुझ्या कमरेचं कळलं, तू या रविवारी राहू दे, माझा साडू कर्जतहून येतोय, तो तुझी बाजू धरेल. मी म्हटलं, माझ्या बाजूला कुणाची गरज नाही. तो म्हणाला, मग नऊला ये. तेव्हा दाजी, तुम्ही या जरूर, पण सुशांतची बाजू धरा. त्याचा डावा खांदा काळानिळा झालाय, काल सदरा सरकला तेव्हा दिसला, आणि तो घरात कुणाला सांगत नाही. मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका.